मधलं मॉडेल

कामोठ्यात माझे गणिताचे क्लास चालतात. त्या कमाईतून मी पहिली गाडी घेतली, तीही स्पोर्ट्स. म्हणजे कंपनी तिला तसं म्हणते. आहे ती पाच दारांची हॅचबॅक; फक्त इंजिन टर्बो, सस्पेन्शन कडक, आणि आवाज असा की रिक्षावाले वळून बघतात.

प्रश्न होता, मधलं मॉडेल की टॉप. पनवेलच्या शोरूममध्ये मी दोन्ही चालवून पाहिली. इंजिन तेच, ब्रेक तेच, चाकंही तीच. टॉपमध्ये जास्तीचं काय, तर सनरूफ, सीटला लाल शिलाई आणि ऑटोमॅटिक गिअर. गिअर आपल्या हातानं टाकायचा नसेल तर असली गाडी घ्यायचीच कशाला? माझं मधल्यावर ठरलं.

घरी ठरलं नव्हतं. आम्ही ओवे गावचे, आणि ओव्यात गाडी मागून वाचतात. डिकीवरची मॉडेलची अक्षरं पाहून कुणाचं कसं चाललंय ते लोक ओळखतात.

वडील म्हणाले, "घ्याची तर टॉप घे. पोराच्या वरातीला सनरूफ नको?"

पोरगा म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याचं लग्न ठरलं होतं, आणि आमच्याकडे हल्ली नवरदेव गाडीच्या छतातून कमरेपर्यंत बाहेर येऊन नाचतो. चुलत्यांनी मनातल्या मनात ती गाडी फुलांनी सजवूनही टाकली होती. हप्ते मी भरणार आणि गाडी पोराची! मला राग आला. भांडले मात्र नाही. सरळ मधल्या मॉडेलचं बुकिंग करून आले. मग काही दिवस वडील माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

डिलिव्हरीला मात्र सगळे आले. आईनं गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडून गाडी पुढे काढायची असते. घरातल्या पुरुषानंच काढायची, हे कुणाला बोलून दाखवावंही लागलं नाही. भाऊ जाऊन स्टिअरिंगवर बसला. तो चुलत्यांच्या ऑटोमॅटिकवर शिकलेला. त्यानं क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. लिंबं जागच्या जागी.

"शकुन बरा नाय," चुलते म्हणाले.

"उतर," मी भावाला म्हणाले.

तो सुटल्यासारखा उतरला. मी पहिला गिअर टाकला, क्लच अलगद सोडला, आणि लिंबं फटकन फुटली. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. वडिलांनी एकदा भावाकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी येऊन बसले.

आम्ही हायवेला लागलो. रस्ता मोकळा मिळाल्यावर मी तिसऱ्यात जोरात ओढली. त्यांनी दरवाज्याचं हँडल धरलं.

"हलू चालव," ते म्हणाले. "तुजी गाडी हाय."