भुईवर घेतलेली बाई

मला स्वतःच्या अंगाची किळस आली ती घोरपडीच्या तेलामुळे, दुखण्यामुळे नव्हे. दुखणं जुनंच होतं. कंबर आणि उजवा गुडघा शेवटच्या बाळंतपणापासून कुरकुरत होते आणि त्यांच्याकडे लक्ष न देता मी संसार रेटला होता. पण पन्नाशी जवळ आली तसं खाली बसलं की उठता येईना. आम्ही तेव्हा चिंचवड गावात एका शेतकऱ्याच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. चूल जमिनीवर, पाटा जमिनीवर, जेवणं जमिनीवर, आणि बाकीचं सगळं नदीकडच्या बांधाआड. एका पहाटे बांधाआडून घरमालकिणीने मला काखेत हात घालून ओढून उभं केलं, चिखलात रुतलेल्या म्हशीला करतात तसं. न्याहारीच्या वेळेपर्यंत ते सगळ्या आळीला ठाऊक झालं होतं.

तेल तिनेच आणलं, एका वैदूकडून. मासळी धुतलेलं पाणी उन्हात ठेवल्यावर जसा येईल तसा त्याला वास. ती ते कमरेला चोळायची आणि वर बिब्ब्याचा चटका द्यायची. वास लुगड्यात गेला, उशीत गेला, पुढेपुढे मला तो भातातही येऊ लागला. दुखणं होतं तिथेच राहिलं, फक्त त्यावर फोड आले.

"उतार पडंल वो वैनी, जरा दम धरा," ती म्हणायची.

"मावशी, उतार पडायच्या आधी मीच या वासाने मरेन."

"मरत्यात व्हय असं! मपल्या सासूनं धा वरसं लावलं."

"मग उठायला लागल्या का त्या?"

"न्हाई. पर वरडायच्या कमी."

आमच्या ह्यांनी वेगळा उपाय काढला. हे पिंपरीच्या बाजूला झालेल्या एका नव्या कारखान्यात स्टोअरला कारकून होते आणि घरातल्या अडचणींकडेही कमी पडलेल्या मालासारखंच बघायचे. एक दिवस जेवताना म्हणाले, "घरात हात हवा. पोराचं उरकून टाकू."

पोरगा त्याच कारखान्यात नुकता उमेदवारीला लागला होता. त्याला स्वतःचं धोतर धड धुता येत नव्हतं.

"कुरुळीचं स्थळ आहे. सोळा वर्षांची आहे. धडधाकट. दोन घागरी एका वेळी आणते."

"आणि मला बांधाआडून उठवून आणायला?"

"तेही करेल की. सासूची सेवा कोण करत नाही?"

कुणाची तरी सोळा वर्षांची मुलगी, आणि तिला आणायचं ते मला उचलायला. बैलाची जोडी बघावी तसं हे तिचं बोलत होते, आणि त्या गाडीत भरायचं ओझं मी होते. बोलणी पुढे गेली होती. दिवाळी झाली की सुपारी फोडायची होती.

"मी माझी उठायला लागले तर?" मी विचारलं.

"तर मग घाई काय? पोराला दोन वर्षं थांबवता येईल." हे ताक ओरपत म्हणाले. त्यांना त्यात काही धोका दिसला नाही.

लहानपणी साताऱ्याला आमच्या मुलींच्या शाळेत कवायत होती. आम्ही नमस्कार घालायचो, लेझीम खेळायचो, आणि मी त्यात पुढे असायची. लग्न झालं आणि ते सगळं बंद झालं. सासरी बाईने हातपाय हलवायचे ते कामाला, आणि बिनकामाने हलवले तर ते वाया. आता दुपारी दार लोटून मी जुन्या सवयीने नमस्कार घालायला गेले. अर्ध्यात अडकले. वर जाता येईना, खाली जाता येईना. चार पायांवर तशी राहून मी फडताळाखालची पालीची लेंडकी बघत होते. शेवटी एका कुशीवर कोसळले आणि बराच वेळ तिथेच पडून राहिले. शाळेतली ती मुलगी मला त्या वेळी मुळीच आवडली नाही.

मग कारखान्याच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर तरुण होते आणि सगळं ह्यांच्याशी बोलत होते.

"यांना सांगा, हाडांची झीज आहे. झिजलेलं भरून येत नाही. दुखणं राहणार."

"मी इथेच बसले आहे," मी म्हटलं.

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नमस्कार बंद करा म्हणाले. कडक जमिनीवर उताणं निजा, एकेक गुडघा हाताने पोटाशी घ्या, टाच जमिनीवरून घासत लांब करा, कंबर थोडी उचला, ठेवा. हळू. दुखेल त्याच्या जरा अलीकडे थांबा. आणि शेवटी हातपाय सैल सोडून, डोळे मिटून, संथ श्वास घेत पडून राहा. तेल नको, डाग तर मुळीच नको. त्यांच्या बोलण्यात मला पटलेली पहिली गोष्ट ती तेलाची.

पुरुष कामावर गेले आणि भांडी झाली की मी घोंगडी अंथरायची. या व्यायामात बघण्यासारखं काही नव्हतं. उताणं निजलं की पोट एका बाजूला ओघळायचं, गुडघा वाळक्या शेंगेसारखा वाजायचा, आणि कंबर उचलताना तोंडातून जे आवाज यायचे ते मी कुणाला ऐकू दिले नसते. उठायची रीत मीच बसवली. आधी कुशीवर, मग कोपरावर, मग चार पायांवर, मग पिठाच्या डब्याला धरून वर. बाळ रांगायला शिकतं तेव्हा सगळे कौतुक करतात. म्हातारपणाकडे झुकलेली बाई रांगते तेव्हा दार लावून घेतलेलं बरं. काही दिवस बरे जायचे, मग थंडीची सकाळ यायची आणि सगळं पुन्हा आखडायचं. तरी दसऱ्यापर्यंत डबा धरून मी हमखास उठत होते. डबा सोडून मात्र नाही, आणि बांधाआड डबा नसतो.

दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी घोंगडी धुवून वाळत घातली होती. जमीन सकाळीच सारवलेली, कोरडी झालेली. मी तशीच भुईवर निजले. अंधार वाटला म्हणून दार किलकिलं ठेवलं होतं. व्यायाम संपवला आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हातपाय सोडून, डोळे मिटून पडले.

सारवलेली भुई, खाली काही न अंथरता निजलेली बाई, पाय दक्षिणेला, डोळे मिटलेले. खोली तेवढीच लांब होती, दुसरीकडे पाय करायला जागा नव्हती. पण दारातून डोकावलेल्या मालकिणीने एवढंच पाहिलं आणि मरायला टेकलेल्याला घेतात तसं मला भुईवर घेतलंय असं समजली.

"आगं बयाऽ! वैनीला भुईवर घेतली गंऽ!"

मी डोळे उघडायच्या आत खोलीत पाच-सहा बायका होत्या. कुणाच्या हातात तुळशीपत्र घातलेली वाटी. ते पाणी तोंडात कमी आणि नाकात जास्त गेलं. मला ठसका लागला.

"घरघर लागली बघा," एक म्हणाली.

"सवाष्ण चालली. भाग्याची हाय." दुसरीने कुंकवाची मूठ कपाळावर थापली. ते नाकावरून ओठांवर आलं.

"सोडा मला!" मी ओरडले.

"पडून ऱ्हा, वैनी," मालकीण माझे खांदे दाबत रडू लागली. "जीव घुटमळतोय तुमचा. पोराची काळजी नगा करू. कुरुळीची पोर गुणाची हाय."

ते ऐकलं आणि मला जो संताप आला तो अजून आठवतो. "हात काढा," मी म्हटलं. "कुणी हात लावला तर चावेन."

त्या मागे सरकल्या. मी कुशीवर झाले. कोपरावर आले. चार पायांवर आले, कुंकू जमिनीवर गळत होतं. हात पिठाच्या डब्याकडे गेला तर डबा नव्हता. मढ्याला जागा व्हावी म्हणून कुणीतरी तो बाहेर ठेवला होता. मी एक पाय पुढे टेकला, दोन्ही हात त्याच मांडीवर दाबले आणि उठले. गुडघा वाजला तो सगळ्यांनी ऐकला. पण उभी राहिले ती कुणाला न धरता.

"बया! हुबी ऱ्हायली," मालकीण म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंदापेक्षा तक्रार अधिक होती.

निरोप कारखान्यात पोचला होता. हे सायकल मारत आले ते घामाघूम, दाराशीच थबकले. मी पदराने तोंड पुसत होते.

"मी माझी उठले," मी म्हटलं. "विचारा यांना."

"अगं पण तुला भुईवर घेतलं कुणी?"

पुढे मी जे काही सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. आळीत गोष्ट पक्की झाली की बाई गेली होती आणि परत आली. चाकणच्या बाजारामार्गे ती गोष्ट आमच्याआधी कुरुळीला पोचली. दिवाळी व्हायच्या आत मुलीचे वडील स्वतः आले, ओट्यावर टेकले, आत यायला तयार होईनात.

"राग मानू नका," ते ह्यांना म्हणाले. "भुईवर घेतलेलं माणूस उठलं की त्या घरात दुसऱ्या कुणाला तरी जावं लागतंय म्हणत्यात. आमची पोर न्हाई द्यायची आमाला."

चहा न घेता ते गेले. मुलगी वाचली, पोरगा वाचला, मला हवं ते सगळं झालं. ज्या कारणाने झालं ते मात्र हातात धरवेना इतकं घाण होतं. माझी कंबर, माझा गुडघा, दुपारभर कण्हत केलेले ते कष्ट, यांतलं काहीच कुणाच्या हिशेबात नव्हतं. मी उठले याचा अर्थ एवढाच निघाला की मी अपशकुनी.

ह्यांनी त्यांना वाटेपर्यंत पोचवलं. मग आत आले.

"एखादी शांत करून घेऊ या का? भटजींना विचारतो."

"विचारा," मी म्हटलं, आणि भुईवर बसून पाय लांब केले. "पण आधी जरा सरका. व्यायामातला डावा पाय अजून व्हायचाय."