अप्पांची आवक-जावक वही

अख्ख्या मराठवाड्यात कॉलेज कुणाला खडान्‌खडा माहीत असेल, तर ते मुरुडच्या आमच्या हायस्कुलातल्या हेडक्लार्क अप्पांना. आणि अप्पांनी कॉलेजात जन्मात पाऊल टाकलेलं नव्हतं. टाकायचं राहिलं ते एका मोटारीपायी. निजामाच्या राज्यात अप्पा उर्दूतून मॅट्रिक झाले, हैदराबादच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं, वळकटी बांधून ते फाट्यावर जाऊन बसले, आणि त्या वर्षीच्या धामधुमीत मोटार आलीच नाही. तीन दिवस वाट बघून ते घरी परतले आणि पुढे हायस्कुलात चिकटले. "मोटार आली असती तर मी प्रोफेसर झालो असतो," असं काही ते म्हणत नसत. "मोटार बंद व्हती," एवढंच म्हणत आणि टोपी काढून परत घालत. पण गावातल्या ज्या पोराला बीजगणितात जरा गती दिसेल, त्याला कॉलेजच्या बीजगणितासाठी तयार करून धाडायचं व्रत मात्र त्यांनी घेतलं. मॅट्रिकची परीक्षा संपली की निकाल लागेपर्यंतचे उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने, सकाळी सहा ते आठ, ड्रॉइंगच्या खोलीत अप्पांचा वर्ग भरायचा. आमचे गणिताचे मास्तर त्या वर्गाला हसायचे, पण स्वतःचा मुलगा तिथेच पाठवायचे.

अप्पा हाडाचे कारकून. कपाळावरचे भस्माचे तीन पट्टेसुद्धा पट्टीनं आखल्यासारखे. खिशाला दोन पेनं, एक निळं, एक तांबडं. घरी बायकोनं "भाजी कोणती करू?" असं विचारलं, तरी आधी मागच्या बुधवारी काय केलं होतं त्याचा संदर्भ मागायचे. आलेला-गेलेला प्रत्येक कागद जिच्यात नोंदतात ती शाळेची आवक-जावक वही तर त्यांच्याकडे होतीच. पण तशीच एक वही त्यांनी स्वतःची ठेवली होती, आणि तिच्यात कागदांऐवजी पोरं नोंदलेली होती. कॉलेजला निघालेल्या पोराला शाळा सोडल्याचा दाखला देताना ते या वहीत त्याची जावक करत आणि बजावत, "दिवाळीला कॉलेजची वही घेऊन यायचं. काय शिकवलं, कुठं अडलं, समदं सांगायचं. तवर तू माझ्याकडं प्रलंबित हायस." दिवाळीत पोरं येत, सांगत, आणि अप्पा तांबड्या शाईनं त्यांची आवक करत. अप्पांचं कॉलेज उभं होतं ते या आवकेवर. आता पहिल्यांदाच घर सोडून गेलेलं पोर दिवाळीला परत आल्यावर सांगणार काय? रडगाणंच. त्यामुळे मुलुखातल्या सगळ्या कॉलेजांमध्ये जे जे म्हणून वाईट होतं, ते तेवढं अप्पांच्या कॉलेजात एका जागी गोळा झालं होतं.

एकानं सांगितलं, प्रोफेसर फळ्याकडे तोंड करून शिकवतात, मागे वळून बघत नाहीत. झालं, पुढच्या उन्हाळ्यापासून अप्पा पाठमोरे. पण पोरांना समजतंय की नाही हे बघितल्यावाचून त्यांना चैन पडेना, म्हणून त्यांनी फळ्याशेजारच्या खिळ्याला दाढीचा आरसा टांगला. आम्ही दोन महिने अप्पांची पाठ आणि आरशातला त्यांचा एक डोळा, एवढ्यावर शिकलो. दुसऱ्यानं सांगितलं, पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आमच्या शाळेत पंखा कुठला? अप्पांनी शिवणाच्या वर्गातलं मशीन आणून मागे ठेवलं. पाळीपाळीनं एकेकानं ते बिनदोऱ्याचं खडखडवायचं आणि बाकीच्यांनी त्या खडखडाटात वर्गसमीकरण ऐकायचं. तिसरा म्हणाला, तिथे नावानं कुणी ओळखत नाही, नंबरानं हाक मारतात. अप्पा नंबरानं हजेरी घेऊ लागले. पण ज्या माणसानं प्रत्येकाची जन्मतारीख स्वतःच्या हातानं शाळेच्या रजिस्टरात लिहिलेली, त्याला हे जमावं कसं? "नऊ नंबर," असं करड्या आवाजात म्हणून ते हळूच पुसायचे, "आईचा ताप उतरला का रं?" कॉलेजात सगळं इंग्रजीत, म्हणून 'क्ष'चा 'एक्स' झाला आणि 'म्हणून'चं 'देअरफोर' झालं. तरी गणित रंगात आलं की अप्पा इंग्रजीवरून घसरत ते थेट निजामाच्या उर्दूत. ऋणाला मनफी, धनाला मुसबत, गुणाकाराला जरब. हीच कॉलेजची भाषा, अशी आमची कित्येक दिवस समजूत होती.

माझी बॅच दुष्काळाच्या वर्षाची. शाळेच्या आडाला पाणी नव्हतं, त्यामुळे फळा ओल्या फडक्यानं पुसायची बंदी. कोरडा पुसून पुसून तो असा पांढरा झाला होता की आजचं गणित कालच्या गणितावर लिहिलेलं दिसायचं. वर्ग सुटला की निम्मी पोरं पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर जायची. माझे आईवडील तिथेच खडी फोडत होते, आणि मीही जायची. एक दिवस अप्पा छत्री घेऊन भर उन्हात कामावर आले.

"जय भीम, अप्पा," वडील हातोडा खाली ठेवून म्हणाले.

"शरणार्थ," म्हणत अप्पांनी छत्री वडिलांच्या डोक्यावर धरली. "पोरगी वर्गात डुलक्या घ्यायलीय. हिला कामावरनं सुट्टी द्या. बीजगणित कच्चं ऱ्हाईल हिचं."

वडील म्हणाले, "नांदेडला हिचा भाऊ हाय रेल्वेत, त्याच्याकडं ठिवतो. पण एकली पोरगी कॉलेजात टिकंल का, अप्पा?"

"टिकंल. मी सवय लावायलाव."

सवय म्हणजे काय, तर वर्गात मी एकटीच मुलगी, म्हणून मला पुढच्या बाकावर एकटीला बसवायचं आणि मी उभी राहिले की मागच्या सगळ्या पोरांनी खोकायचं. कॉलेजात मुलगी उभी राहिली की मुलं खोकतात, अशी रीतसर आवक झालेली होती. अप्पा स्वतः मागे जाऊन खोकला नीट निघतो की नाही ते तपासायचे. "जरा जोरात," म्हणायचे. "कॉलेजची पोरं असं लाजून खोकत न्हाईत."

कॉलेजची इतकी खडान्‌खडा माहिती असलेल्या अप्पांना बीजगणितातली एक गोष्ट मात्र माहीत नव्हती, आणि ती ते कुणापासून लपवत नसत. ऋण गुणिले ऋण धन का होतं? "मनफी जरब मनफी, मुसबत. पंचवीस साल शिकवायलाव. मी ते मानलंय, मला समजलेलं न्हाई. कॉलेजात कारण सांगत असतील." गणिताच्या मास्तरांनी एकदा त्यांना समजावून पाहिलं होतं, की शत्रूचा शत्रू तो आपला मित्र, तसंच हे. अप्पा म्हणाले, "गावात माझ्या शत्रूचे शत्रू दोघं हायत. दोघंबी माझ्याशी बोलत न्हाईत." जाणाऱ्या प्रत्येक पोराबरोबर ते हा प्रश्न कॉलेजला पाठवत. पोरं विसरून जात, नाहीतर "तसा नियमच आहे म्हणे" असं सांगत, आणि वहीत पुन्हा शेरा पडायचा, 'प्रलंबित'. माझा दाखला देताना त्यांनी तो बराच वेळ हातात धरून ठेवला. "तू इचारून येशील," ते म्हणाले. "तू इसरायची न्हाईस." त्यांचा आवाज त्या वेळी हेडक्लार्कचा नव्हता. वळकटी घेऊन फाट्यावर बसलेल्या पोराचा होता, असं आज मला वाटतं.

नांदेडच्या कॉलेजात पहिल्या दिवशी मी पाठ बघायच्या तयारीनं बसले, तर बीजगणिताचे सर आमच्याकडे तोंड करून उभे. पिकल्या केसांचे, हळू बोलणारे. दोन ओळी लिहिल्या की वळून मराठीत विचारायचे, "कुणाला काही विचारायचंय?" आठवड्याभरात त्यांना माझं नाव पाठ झालं. मी उभी राहिले तेव्हा कुणी खोकलं नाही. माझी सगळ्या संकटांची तालीम झाली होती, पण या चांगुलपणाची तालीम कुणी दिलेली नव्हती. सर "विचारा" म्हणाले की माझ्या छातीत ते शिवणाचं मशीन सुरू व्हायचं. रोज ठरवायची, उद्या विचारू. असं करता करता दिवाळी आली आणि प्रश्न होता तिथेच राहिला. मुरुडला अप्पांनी वही उघडली, तांबड्या पेनाचं टोपण काढलं. "हं. इचारलंस?"

मी म्हणाले, "अप्पा, तिथे विचारू देत नाहीत."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं, 'कॉलेजात प्रश्न विचारता येत नाहीत.' मग पेनाला टोपण लावलं. "बरं," म्हणाले. "मग पोरांना उगा कशाला वझं द्यायचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवाळीला मी गेलेच नाही. पुढे आईवडीलही नांदेडला भावाकडे आले आणि मुरुड सुटलं. त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर कळलं. पोस्टकार्डावर मावेल एवढं होतं ते. पण ते लिहायचं तर माझा खोटेपणाही लिहावा लागणार होता, आणि तो काही कार्डावर मावेना. मी शिकले, त्याच कॉलेजात शिकवायला लागले. खडू हातात घेतला की अप्पांची आठवण यायची. ती पाठ, तो आरसा, त्यातला तो डोळा, सगळं पुन्हा एकदा बघावंसं फार वाटायचं. तरी मी गेले नाही.

लातूर जिल्हा झाला त्या पावसाळ्यात माझ्या अकरावीच्या वर्गात मुरुडची एक मुलगी आली. गणितात तरबेज, पण मी "विचारा" म्हटलं की मान खाली. एकदा तिला तासानंतर थांबवून घेतलं.

"अप्पांनी सांगितलंय, कॉलेजात इचारायचं नसतं," ती म्हणाली. "त्यांच्या वहीतच हाय तसं. लई हुशार पोरगी व्हती म्हणे, तिनं सांगितलेलं."

नऊ उन्हाळे अप्पांनी पोरांना गप्प बसायची सवय लावली होती, माझ्या एका वाक्याच्या भरवशावर. त्याच मुलीनं सांगितलं, की पुढच्या वर्षी गावातच अकरावी निघणार आहे, त्यामुळे अप्पांचा वर्ग आता बंद. सध्या ते शाळेच्या छापील फॉर्मांवरचं 'जि. उस्मानाबाद' तांबड्या शाईनं खोडून 'जि. लातूर' लिहीत बसतात, आणि प्रत्येक खाडाखोडीवर सही करतात. मी त्याच दिवशी पत्र टाकलं, की अप्पा, एक दिवस माझ्या वर्गात येऊन बसा. उलट टपाली उत्तर आलं: 'आपले पत्र पावले. सोमवारी हजर राहतो.'

सोमवारी ते आले. धुवट धोतर, काखेत कापडी पिशवी. वर्गाच्या दारात थबकले आणि चपला काढायला लागले. मी नको नको म्हटलं, तरी काढल्याच. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि तिथून विचारलं, "माझा नंबर?" मी हजेरीपटाच्या शेवटचा नंबर दिला. तो पुकारल्यावर ते उभे राहून "येस सर" म्हणाले. पोरं हसली, अप्पा हसले नाहीत. तासभर ते फळ्याकडे कमी आणि माझ्या तोंडाकडे जास्त बघत होते. तास संपत आला तेव्हा उठून उभे राहिले.

"एक सवाल हाय. इचारता येतो का हितं?"

मी खडू खाली ठेवला. "येतो, अप्पा. तेव्हाही येत होता."

वर्गात कुणाला काही कळलं नाही. अप्पांना कळलं. त्यांनी धोतराचा सोगा सावरला. मग म्हणाले, "मनफी जरब मनफी, मुसबत. का?"

मी फळ्यावर लिहीत गेले. एक आणि ऋण एक, मिळून शून्य. त्या शून्याला ऋण एकानं गुणलं, तरी शून्यच राहणार. आता आतल्या दोघांना वेगवेगळं गुणा. ऋण एक गुणिले एक, झाला ऋण एक. उरला ऋण एक गुणिले ऋण एक. दोघांची बेरीज शून्य यायची, तर त्याला धन एक झाल्याशिवाय गत्यंतर नाही. अप्पा बाकांमधून चालत फळ्यापाशी आले, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली गेले, पुन्हा वर आले.

"एवढंसंच व्हतं," ते म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांना सगळं सांगितलं. सांगताना रडले. त्यांनी रडू दिलं.

"भ्यालीस?"

"हो."

"मीच भेवविलं व्हतं की तुला. त्यो खोकला, ती मशीन." मग त्यांनी पिशवीतून वही काढली, नऊ वर्षांपूर्वीचं पान न शोधता उघडलं, माझं वाक्य तांबड्या शाईनं एका रेघेत खोडून वर लिहिलं, 'विचारता येतात', आणि पेन माझ्या हातात दिलं. "खाडाखोडीवर सही लागती."

"अप्पा, पण आता वर्गच नाही तुमचा. ही दुरुस्ती वाचणार कोण?"

"वाचणारं कुणी न्हाई म्हणून चुकीचं ठिवायचं का?"

मी सही केली. प्रश्नापुढचं 'प्रलंबित' खोडून त्यांनी 'निकाली' असं लिहिलं आणि त्या खाडाखोडीवर स्वतः सही केली.

एस.टी. स्टँडवर लातूरची गाडी वेळेवर लागली. अप्पा खिडकीशी बसले, टोपी काढून परत घातली, आणि गाडी हलताना म्हणाले, "दिवाळीला वही घेऊन ये." त्यानंतरच्या सहा दिवाळ्या मी गेले. दरवर्षी काहीतरी नवं समजलेलं घेऊन जायची, ते ऐकून घ्यायचे, ताळा करून बघायचे आणि तांबड्या शाईनं आवक करायचे. सातव्या दिवाळीच्या आधीच अप्पा गेले. आता माझेच केस पिकलेत. तरी अजून एखादं गणित नव्यानं उलगडलं की मी आधी दिवाळीला किती दिवस उरलेत ते मोजते, आणि मग लक्षात येतं, की याची आवक करून घेणारं आता कुणी नाही.