धुतलेल्या टाकीचा वास

दसऱ्याला आमच्याकडे मोटारीला ओवाळतात. साताऱ्याकडच्या फौजी घरात वाढलेल्या कुणाला याचं नवल वाटणार नाही. शस्त्रं पुजायची तर ज्याच्या त्याच्या हातातलं हत्यार पुजायचं, आणि आण्णांचं हत्यार म्हणजे पाना. आण्णा म्हणजे माझे वडील. त्यांची सगळी नोकरी सैन्याच्या वर्कशॉपमध्ये ट्रक दुरुस्त करण्यात गेली. शेवटची बदली जयपूरला झाली आणि आम्ही इथंच जगतपुऱ्यात घर बांधून राहिलो. पोर्चमध्ये उभी असलेली क्रीम रंगाची, गोल दिव्यांची मोटार माझ्याहून वयानं मोठी आहे. घरात तिचा मानही माझ्याहून मोठा आहे, हे मी फार लहानपणी मान्य करून टाकलं होतं.

आई गेल्यावर आण्णांचं घरातलं लक्ष उडालं. पेपर वाचेनात, फिरायला जाईनात. माझ्या जेवणावर मात्र रोज टीका. आमटीला चव नाही, भाजीला वास नाही, तुझ्या आईचा हात गेला तो गेलाच. झालाना भागातल्या माझ्या ऑफिसातून दमून येऊन मी स्वयंपाक करायची आणि वर हे ऐकायची. तोंडावर काही बोलत नसे, पण भांडी जरा जोरात आपटत असे. एका गाडीपाशीच ते पूर्वीचे आण्णा असायचे. बॉनेट उघडून तासन्‌तास वाकून बसायचे. हीसुद्धा सुटली तर सकाळी उठायला या माणसाला कारण उरणार नाही, याची मला मनापासून धास्ती होती.

यंदाच्या दसऱ्याला त्यांनी गाडी पहाटेच धुतली, झेंडूची माळ घातली. मी ताम्हनात निरांजन घेऊन पुढच्या चाकापासून सुरुवात केली. हळदकुंकू लावत मागे डिकीपाशी आले आणि थबकले. पेट्रोलचा वास. थोडाथोडका नाही, नाकात झिणझिण्या आणणारा. हातात पेटतं निरांजन होतं. विचार करायला वेळच नव्हता, फुंकर मारली.

आण्णा भडकले. "सणाचा दिवा फुंकून विझवलास? कुणी शिकवलं हे?"

"पेट्रोल गळतंय आण्णा. वास येत नाही का तुम्हाला?"

त्यांनी खाली वाकून टाकीखालचा ओला डाग बोटानं टिपला, नाकाशी नेला. "पाणी हाय गं. आत्ताच धुतलीया गाडी." पण बोटावरचं पाणी बघता बघता उडून गेलं आणि बोट गार पडलं. ते त्यांच्या लक्षात आलं. मग म्हणाले, "सर्दी झालीया मला." मी विश्वास ठेवला. जयपूरला त्या दिवसांत पहाटे गारवा सुरू होतोच. त्यांनी कपड्याचा साबण आणून टाकीच्या तळाला खसाखसा घासला. गळती बुजवायची ही जुनी फौजी युक्ती, तेवढ्यापुरती चालते. तरी गल्लीच्या तोंडाशी पोरांनी कागदी रावण उभा केला होता आणि संध्याकाळी फटाके उडणार होते. आम्ही दोघांनी गाडी ढकलत मागच्या अंगणात नेली आणि टाकीतलं पेट्रोल डब्यात काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टाकी उतरवली. म्हणजे त्यांनी उतरवली, मी "हे धर, ते दे" ऐकत राहिले. खालचा पत्रा आतून गंजून एका जागी चाळणीसारखा झाला होता. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि त्या पाण्यानं जुना पत्रा गंजतो, असं त्यांनी मला समजावलं. आवाजात कितीतरी महिन्यांनी धार होती. मी म्हटलं, बाहेर कुणाला तरी देऊ या. त्यावर नुसतं बघितलं माझ्याकडे. त्यांच्या खोक्यात तांब्याच्या डोक्याचा डाग द्यायचा जुना खिळा होता, शिसं-कथलाची कांडी होती, स्टोव्हसारखा फुरफुरणारा ब्लोलॅम्पही होता. पत्र्याला डाग देऊन छिद्र बुजवणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिला आग दाखवायची नसते. आत वाफ राहते आणि भरल्या टाकीपेक्षा रिकामीच जास्त घात करते. हे मी न शिकता शिकले होते, कारण माझ्या लहानपणी घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या जवानाला आण्णा ते ऐकवायचे. गरम पाणी, साबणाची पूड, खळखळून धुवायचं, पुन्हा धुवायचं. मग टाकीच्या तोंडाला नाक लावायचं. वास आला तर परत धुवायचं. "नाकाला इचारायचं. नाक खोटं बोलत न्हाई," हे त्यांचं वाक्य ठरलेलं.

त्यांनी टाकी धुतली. उन्हात पालथी घातली. मग दोन्ही हातांनी उचलून तोंडाला नाक लावलं, डोळे मिटून लांब श्वास घेतला. "साफ," म्हणाले, आणि ब्लोलॅम्पला पंप मारायला बसले.

मी टाकीशेजारीच उभी होते. मला न वाकता वास येत होता.

"आण्णा, थांबा. अजून वास आहे."

"न्हाई गं. बघितलंय मी."

"काडी पेटवू नका. माझं ऐका." माझा आवाज चिरकला. त्यांच्या हातातली काड्यापेटी मी हिसकावून घेतली. बापाच्या हातातून काही हिसकावून घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. ते रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले आणि मग पुन्हा टाकीला नाक लावलं. पुन्हा. तिसऱ्यांदा तर तोंड जवळजवळ आत घातलं. टाकी खाली ठेवली आणि घरात गेले.

मी मागोमाग गेले. स्वयंपाकघरात त्यांनी हिंगाची डबी उघडली होती. हुंगली, बंद केली. मग कॉफीचा डबा. मग देवघरातला कापूर तळहातावर चोळून पाहिला. परेडला एकेका जवानाची हजेरी घ्यावी तशी त्यांनी हजेरी घेतली, आणि एकानंही ओ दिली नाही. ते मोरीच्या कठड्यावर बसले. पुढे डॉक्टरनं साथीच्या तापाचं, वयाचं असं काहीबाही सांगितलं, परत येईल न येईल म्हणाला. पण त्या दुपारी आम्हाला एवढंच कळलं होतं की त्यांची वास घ्यायची शक्ती कधीतरी गुपचूप निघून गेली आहे आणि जाताना सांगून गेलेली नाही.

"मतलब, आमटी बरी व्हत होती तर," आण्णा म्हणाले.

मला हसूही आलं आणि रडूही. मी त्यांच्या शेजारी कठड्यावरच बसले. "बरी नाही, चांगली होत होती," मी म्हटलं.

"मला वाटायचं, ती गेली म्हणून सगळं बेचव झालं." ते म्हणाले.

त्या दिवशी गाडीचा विषय मी काढला नाही. मनात म्हटलं, संपलं आता. ज्या माणसानं जन्मभर नाकाला विचारून काम केलं, तो आता पाना हातात धरणार नाही. पण सकाळी चहाच्या आधीच अंगणातून बादलीचा आवाज आला. बघते तर आण्णा टाकीत गरम पाणी ओतत होते. मला बघून म्हणाले, "ये हिकडं. आता नाक तुझं."

मी हुंगलं. नाही म्हटलं. त्यांनी परत धुतलं. पुन्हा नाही म्हटलं. त्यांनी कुरकुर केली नाही, घासाघीस केली नाही, मीच एकदा "चालेल बहुतेक" म्हणाले, तर म्हणाले, "बहुतेकवर लोक मरत्यात." मी ऑफिसला रजा टाकली. दुपारी कधीतरी टाकीतून फक्त ओल्या पत्र्याचा वास आला आणि मी हो म्हटलं. त्यांनी टाकी जवळपास पाण्यानं भरली आणि तोंडाला बूच मारून तळ वर केला, म्हणजे आत वाफेला जागाच नको. छिद्राभोवतीचा पत्रा घासून चकचकीत केला. मग खिळा तापवून डाग दिला. एरवी चहाचा कप धरताना थरथरणारा हात तेव्हा अजिबात थरथरला नाही. मी बादली धरून बाजूला उभी होते आणि मला त्यांचा फार अभिमान वाटला.

टाकी वाळवून बसवली, पेट्रोल भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. कागद कोरडा राहिला. मी वाकून हुंगून खात्री केली आणि मगच त्यांनी गाडी सुरू केली. जगतपुऱ्याच्या स्टेशनपर्यंत जाऊन आलो.

घरी आल्यावर हातपाय धुऊन ते थेट आईच्या खोलीत गेले आणि मला हाक मारली. तिच्या साड्यांच्या कपाटापुढे उभे होते. माझ्या माहितीत ते कपाट वर्षभर कुणी उघडलं नव्हतं. मला वाटायचं, त्यांना सोसत नाही म्हणून.

"सुरवातीला रोज उघडायचो मी," ते म्हणाले. "तू ऑफिसला गेलीस की. तिचा वास असायचा. मग एक दिवस न्हाई आला. वाटलं, आता इथनंपण गेली. मग उघडायचंच सोडलं." कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. "बघ बरं. खरं सांग. टाकीवानी सांग."

मी दार उघडलं. खोटं बोलायची वेळ आली तर काय करायचं, हे ठरवायलासुद्धा सवड नव्हती. आधी डांबराच्या गोळ्या आल्या. मग ती घड्यांमध्ये ठेवायची तो वाळा. मी तिच्या रोजच्या निळ्या साडीत नाक खुपसलं आणि थांबले, कारण इथं ‘बहुतेक’ चालणार नव्हतं. साबण, तेल, तिच्या मानेचा घाम. फिकट होता, पण तिचाच होता.

"आहे, आण्णा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली. मी दार लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "लगीच लावू नकोस," म्हणाले. "मला कळत नसलं तरी तू घे जरा."