धुक्यातला आवाज

नांदूरमध्यमेश्वरला भिमाजी कितीतरी हिवाळे पाहुण्यांना पक्षी दाखवत आला होता. अलीकडे त्याला नीट ऐकू येईना. नजर शाबूत होती, म्हणून त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. त्या सकाळी मात्र इतकं दाट धुकं पडलं, की काठावरून पाणीसुद्धा दिसेना.

इंदिरानगरहून आलेल्या सुवर्णाताई थबकल्या आणि कानाकडे बोट नेत मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, हा कोणता पक्षी ओरडतोय?"

'बदक आहे' सांगून मोकळं व्हावं, असं भिमाजीला क्षणभर वाटलं.

"ताई, मला ऐकू येत नाय आता," तो म्हणाला.

त्या ओशाळल्या. आवाज कसा आहे, ते हळू आवाजात सांगू लागल्या. त्यांचे हलणारे ओठ बघत तो नुसती मान डोलवत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो तिकडे फिरकला नाही.