शेवटच्या तुकड्यातलं 'झालं'

आमच्या ठाण्याच्या ऑफिसातला सर्व्हर इतका तापायचा, की मी त्याच्यावर पापड भाजलेला आहे. उडदाचा. पापडाचं सोडा, पण तापायचा हे खरं, आणि का तापतो ते शोधणं माझं काम.

गुन्हेगार निघाला एक शब्द. दूरच्या डिस्कवरून काही वाचायला मागितलं की माहिती नेटवर्कवरून तुकड्या-तुकड्यांनी येते. सगळे तुकडे पोचले की मागून आणखी एक निरोप यायचा, नुसतं 'झालं' सांगायला. तेवढ्यासाठी प्रोसेसर हातातलं काम टाकून उठायचा, दिवसातून अब्जावधी वेळा. मी म्हटलं, शेवटच्या तुकड्यावरच 'झालं'ची खूण करा, वेगळा निरोप बंद. खूण नसेल तर काहीतरी राहिलंय असं समजायचं आणि थांबायचं. सर्व्हर असा गार पडला की शेजारच्या टेबलावरचा मे महिन्यात स्वेटर घालून यायला लागला.

ही हुशारी मी घरीही चालवली. बाबा शहाडला एकटे राहायचे. काही विचारलं की सात-आठ व्हॉइस मेसेज पाठवायचे आणि वर एक वेगळा: "झालं."

"बाबा, शेवटच्या मेसेजातच म्हणत जा ना. तेवढ्यासाठी परत फोन उघडायला लागतो."

"एक 'झालं' ऐकायचा त्रास होतो तुला? मी तुझा एकोणतिसाचा पाढा ऐकलाय, रे. वर्षभर."

पण मानलं त्यांनी. त्यानंतर प्रत्येक उत्तराच्या शेपटाला ठासून, मला ऐकवल्यासारखं: "झालं!"

आई गेल्यावर तिच्या हातच्यासारखं वालाचं बिरडं फक्त त्यांनाच जमायचं. एका रविवारी सकाळी मी मोड आलेले वाल बाजारातून आणले आणि कृती विचारली. पाच मेसेज आले. वाल भिजवायचे कसे, मोड किती येऊ द्यायचे, सोलताना आई कशी चिडायची. पाचवा होता: "आता गूळ घाल, झाकण ठेव, गॅस बारीक कर."

पुढे काही नाही. 'झालं' नाही.

नियम मीच लिहिलेला. तरी मला वाटलं, विसरले असतील. गॅस बंद केला, जेवलो, वर दही-भातही खाल्ला. दुपारी त्यांच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेले होते, फोन मांडीवर. सकाळीच गेले असणार, डॉक्टर म्हणाले.

आता डोंबिवलीच्या घरी रविवारी बिरडं मी करतो. पाचही मेसेज ओळीने लावतो, गूळ घालतो, झाकण ठेवतो, गॅस बारीक करतो.

"अरे, बंद कर ना. शिजलं कधीचं," बायको म्हणते.

"थांब. त्यांचं राहिलंय काहीतरी."

ती वाद घालत नाही. करपू नये म्हणून झाकणावर थोडं पाणी ओतते, आणि माझ्या शेजारी ओट्याला टेकून उभी राहते.