फरशीवाल्याच्या पेटीतली गोळी

माझ्या धाकट्या भावासारखी फरशी बसवणारा दुसरा दाखवा, मिशी उतरवून देईन. त्याच्या फरशीवर गोटी ठेवा, जागची हलणार नाही. आणि शिकवलं कुणी? मी!

तो माझा वाघ आज दवाखान्यात आडवा पडलाय. स्वादुपिंडातली गाठ काढली, पण आतली शिवण भरूनच येईना. तिथला रस नळीतून पिशवीत झिरपतो आणि नळीभोवतीची कातडी सोलून काढतो. वास असा, की पुसताना मला ओकारी येते.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे बरीच वर्षं स्टिरॉइडची गोळी घेतात का? त्यानं जखम लवकर भरत नाही."

धाकटा पुटपुटला, "दादा, ती पेटीतली गोळी..."

करणी-हातोडीबरोबर अवजारांच्या पेटीत ती पुडी असतेच. गुडघे धरले की सगळे फरशीवाले चहाबरोबर टाकतात.

"अरे गाढवा, ऑपरेशनच्या आधी विचारलं तेव्हा का नाही बोललास?"

"त्यांनी औषध विचारलं होतं. ही तर कामाची गोळी."

थू! मी घरून पेटी आणली आणि पुडी बाईंसमोर कचऱ्यात फेकली. "आजपासून बंद!"

"एकदम बंद केली तर जिवावर बेतेल," बाई म्हणाल्या. "हळूहळू कमी करायची."

आता बाईंनी लिहून दिलेल्या त्याच घाणीचा, त्या सांगतात तेवढा तुकडा तोडून मीच रोज सकाळी त्याच्या जिभेवर ठेवतो. किळस येते माझ्याच हाताची.

आज पिशवी जरा कमी भरली. तुकडा बघून धाकटा म्हणाला, "दादा, काप वाकडा गेलाय तुझा."