तीन खोल्यांचे मालक

विनायकराव गेल्याचा निरोप मला कळमनुरीच्या बाजारात मिळाला. परतीच्या पावसात भिजले, ताप छातीत उतरला आणि संपले... धडधाकट माणूस नुसता भिजून मरतो, हे मला पटेना.

हिंगोलीत त्यांच्या तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या, म्हणून गाव त्यांना 'मालक' म्हणे. लग्नात त्यांना पुढची बैठक मिळे आणि पंगत अर्ध्यावर आली की भाडेकरूंचं बोलावणं येई : विहिरीचा दोर तुटला, मोरी तुंबली, मास्तरांच्या बायकोनं करीमभाईंच्या कोंबडीला दगड मारला. मालकीचा थाट मी एवढाच पाहिला. पावसाळ्यात करीमभाई शिंपी दारातूनच ओरडत, "मालक, माळवद गळून राहिलं! मशीनवर पानी येऊन राहिलं!" की हे घमेलंभर खारी माती घेऊन वर, आणि त्या मातीच्या छताचं गळतं ठिकाण पायानं तुडवत उभे.

"विकून टाका की," मी म्हणे.

"घेणारा आधी माळवदावर चढून बघंल. मंग कोन घेतंय?"

वाशीमची मुलगी सारखी बोलावत होती. एकदा खोल्या मोकळ्या झाल्या की कुलूप लावायचं आणि नातवंडांत जाऊन बसायचं, एवढीच त्यांची आशा.

खोल्या मोकळ्या झाल्या. रझाकारांच्या धास्तीनं मास्तर आणि तिसऱ्या खोलीतला पानवाला वऱ्हाडात निघून गेले. भाद्रपदात हिंदी फौजा आल्या, निजाम पडला, आणि मग सुडाच्या धास्तीनं करीमभाईंनी लेकरं बैलगाडीत बसवली. प्रत्येकानं सामान आत ठेवलं आणि किल्ली यांच्या हातात दिली. "मशीन संबाळा मालक, येतोच मी," करीमभाई म्हणाले. कुठं जातो, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी म्हणालो, "आता तरी वाशीमला निघा."

"कसा निघू? मानूस आत असला तर वरडते तरी. आता गळलं तर सांगनार कोन?"

म्हणून आभाळ आलं की ते एकेक खोली उघडून वर बघत बसत. कोणी न ओरडणाऱ्या घरांची तकलीफ त्यांना जास्त झाली.

विनायकरावांचे दिवस झाल्यावर त्यांच्या मुलीबरोबर मी करीमभाईंची खोली उघडली. माळवदाचा कोपरा खचला होता, भिंत ओलीच होती. मधोमध मशीन, आणि त्यावर विनायकरावांची छत्री, उघडून सुतळीनं घट्ट बांधलेली. मशीन कोरडं होतं. करीमभाईंची अजून काही खबर नाही...

"काका, मिटू का छत्री?" मुलीनं विचारलं.

मी नको म्हणालो. पावसाळा संपलाय, हे मलाही दिसत होतं.